वळीव, गारपीट आणि पाणीटंचाई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फाल्गुन सरला की महाराष्ट्रात दोन गोष्टी बरोबरीने सुरू होतात. विहिरी तळ गाठू लागतात आणि दुपारी आभाळ भरून यायला लागतं. मार्चपासून मृगापर्यंतचा पाऊस आणि त्याच काळातली पाण्याची ओढ यांबद्दल कोकणापासून गडचिरोलीपर्यंत सतत विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं जिल्ह्यागणिक बदलतात, म्हणून जिथे फरक पडतो तिथे भाग सांगितला आहे.

वळीव आणि अवकाळी यांत फरक काय?

हवामान खात्याच्या लेखी १ मार्च ते ३१ मे हा सगळा काळ मान्सूनपूर्व हंगाम. गावाची विभागणी वेगळी असते. चैत्र-वैशाखात दिवसभर रान तापतं, तीन-चारच्या सुमारास वावटळ सुटते, धूळ उडते, गडगडतं आणि अर्धा-पाऊण तास झोडपून पाऊस निघून जातो, तो वळीव. अवकाळी हा पावसाचा प्रकारच नव्हे, ती तक्रार आहे. नांगरून ठेवलेल्या रानाला जो वळीव, तोच शेजारच्या काढून ठेवलेल्या कांद्याला अवकाळी. २५ मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागतं आणि ७-८ जूनला मृग. रोहिणीत पडलेल्या पावसाला सहसा कोणी नावं ठेवत नाही, कारण तोवर बहुतेक माल घरात आलेला असतो. आंबेवाले आणि मीठागरवाले तेवढे याला अपवाद.

गारा फेब्रुवारी-मार्चमध्येच जास्त का पडतात? मे तर जास्त तापतो.

गार ढगात तयार होते, पण जमिनीपर्यंत टिकली तरच ती गार. उत्तर भारतावरून जाणाऱ्या पश्चिमी झंझावातामुळे (पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यामुळे) फेब्रुवारी-मार्चमध्ये वरच्या थरात थंड, कोरडी हवा येते. खाली अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरावरून दमट वारे येतात. दोन्हींची गाठ पडली की ढग झपाट्याने उंच चढतात. त्या दिवसांत हवेतली शून्य अंशाची पातळी मेपेक्षा खाली असते, त्यामुळे गारेला वितळायला अंतर कमी मिळतं. मेमध्ये तीच गार वाटेत पाणी होते आणि खाली फक्त टपोरे थेंब येतात. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ, उत्तर आणि मध्य महाराष्ट्रात दिवसामागून दिवस गारा पडल्या, त्या याच गाठीमुळे. कोकणपट्टीत गारपीट क्वचितच होते.

एवढा धो धो पडला, तरी विहिरीला पाणी का वाढलं नाही?

हिशेब करून पाहा. १० मिमी पाऊस म्हणजे एकरी सुमारे ४०,००० लिटर पाणी. ऐकायला भरपूर वाटतं, पण मेमधल्या उन्हात उघड्या पाण्यावरून रोज ८ ते १० मिमी वाफ होऊन जातं. तापलेली काळी जमीन आधी आपल्या भेगा भरते, मग वरची थोडीशी माती ओली होते आणि दोन दिवसांच्या उन्हात ती ओलही उडते. माती पुरती भिजल्याशिवाय पाणी खालच्या मुरमात उतरत नाही, आणि मुरमातून काळ्या पाषाणाच्या सांध्यांपर्यंत गेल्याशिवाय विहिरीचे झरे जागे होत नाहीत. वळीव अर्ध्या तासात एवढ्या जोराने पडतो की निम्मं पाणी ओघळाला लागतं.

२०२५ चा मे हा अपवाद ठरला. पाऊस आठवडे-दोन आठवडे लागून राहिला आणि मान्सून २६ मेलाच मुंबईत आला (नेहमीची तारीख ११ जून). त्या वर्षी विहिरी वर आल्या, पण मशागत खोळंबली आणि उभा उन्हाळी भुईमूग, तीळ, भाजीपाला कुजला.

मग वळीव झाल्यावर पेरायचं की नाही?

नाही. ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन जमिनीत वीतभर ओल उतरल्याशिवाय सोयाबीन-कापूस टाकू नका, ही कृषी विद्यापीठांची शिफारस दुबार पेरणीच्या अनुभवातूनच आलेली आहे. वळवाचा खरा उपयोग मशागतीला. ढेकळं फुटतात, वापसा आला (माती ना चिखल ना कोरडी अशी झाली) की कुळवाची पाळी नीट बसते, आणि तणाचं पहिलं बी उगवून त्याच पाळीत मरतं.

कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस, आणि एप्रिलमध्ये टँकर. हे कसं?

पाऊस किती पडला यापेक्षा तो कुठे थांबला हे महत्त्वाचं. सह्याद्रीच्या पायथ्यापासून समुद्र फार तर ५०-६० किलोमीटर. उतार तीव्र, नद्या आखूड. जांभा दगड सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि पौषापर्यंत झऱ्यांवाटे देऊनही टाकतो. वर उघडा कातळ, त्यावर माती नाही. म्हणून खालच्या भाताच्या खाचरांजवळच्या विहिरींना पाणी असतं आणि सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) वाड्या, विशेषतः धनगरवाडे, मार्चअखेरीला कोरडे पडतात.

उपाय डिसेंबरात करायचा असतो, एप्रिलमध्ये नव्हे. वहाळाला (ओढ्याला) धार असतानाच सिमेंटच्या रिकाम्या गोण्या वाळू-मातीने भरून बंधारा घालतात. गोण्या विटांसारख्या सांधे चुकवून रचायच्या, मध्ये चिकणमातीचा थर द्यायचा आणि पायाशी कातळ लागेपर्यंत गाळ काढून घ्यायचा. हा पाया नीट साफ केला नाही तर पाणी गोण्यांखालून वाट काढतं आणि बंधारा नुसता दिसायला राहतो. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाच्या विहिरींना त्याचा फायदा दोनेक महिने मिळतो.

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्याची गोष्ट वेगळीच बोचते. तानसा आणि भातसा याच तालुक्यात, त्यांचं पाणी मुंबईला, आणि तालुक्यातल्या पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकर. तिथे पाण्याची कमतरता नाही, उंचावरच्या पाड्यापर्यंत नेणाऱ्या योजनांची आहे.

धरणाचा साठा ‘उणे’ म्हणजे काय? पाणी शून्याखाली कसं जाईल?

शून्य टक्के ही उपयुक्त साठ्याची रेघ असते, तळ नव्हे. कालव्याच्या दारापेक्षा खालचं पाणी म्हणजे मृतसाठा. उजनी धरण सुमारे ११७ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), पण त्यातलं उपयुक्त पाणी ५३ टीएमसीच्या आसपासच. म्हणून उजनी उणे ३० टक्के झालं तरी त्यात बऱ्यापैकी पाणी असतं. जायकवाडीत साधारण १०२ पैकी २६ टीएमसी मृतसाठा आहे. हे पाणी पंपाने उचलून पिण्याला देता येतं. मात्र त्यात गाळ, शेवाळ जास्त असतं आणि शुद्धीकरणाला तुरटी-क्लोरीन जास्त लागतं. उन्हाळ्यात नळाच्या पाण्याला मातकट वास येतो, तो बहुधा यामुळे.

मांजरा धरणात उचलण्याजोगंही काही उरलं नाही तेव्हा काय होतं, ते लातूरने २०१६ मध्ये पाहिलं. मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला १० टाक्या होत्या, प्रत्येकी ५०,००० लिटरच्या. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावण्याची वेळ आली होती.

बीडसारख्या जिल्ह्यात या काळात आणखी एक भर पडते. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं मार्च-एप्रिलमध्ये परततात. गावची माणसं आणि बैलं वाढतात, तीही विहीर सर्वांत खोल गेलेली असताना.

गावाला टँकर कसा मिळतो?

टँकर हा टंचाई आराखड्यातला शेवटचा उपाय. आधी नळ योजनेची दुरुस्ती, विहिरीतला गाळ काढणं, नवी विंधन विहीर (बोअर) आणि खासगी विहीर अधिग्रहित करणं हे मार्ग तपासले जातात. ग्रामपंचायतीने ठराव करून तो पंचायत समितीत द्यायचा. तालुक्याचे अधिकारी उद्भवाची (पाण्याच्या स्रोताची) संयुक्त पाहणी करतात आणि मग तहसीलदार किंवा प्रांताधिकारी मंजुरी देतात. मंजुरीचे अधिकार कोणाकडे आहेत, हे त्या वर्षीच्या आदेशात पाहावं.

टंचाईकाळात ग्रामीण भागासाठी माणशी दिवसाला २० लिटर धरतात. ६०० वस्तीला १२,००० लिटर, म्हणजे १२ हजारी टँकरची एक खेप. ठरावात जनावरांची संख्याही लिहा. नाहीतर माणसांच्या पाण्यातूनच गुरांना पाजावं लागतं.

गडबड हमखास होते ती टँकर रिकामा करताना. कोरड्या विहिरीत पाणी ओतलं की त्यातलं बरंच तळातून जिरतं, आणि उरलेलं शेंदायला सगळं गाव एकदम कठड्यावर उभं राहतं. पाय घसरून अपघात होतात ते इथेच. त्यापेक्षा तोट्या लावलेल्या दोन-तीन प्लास्टिकच्या टाक्या वस्तीत ठेवाव्यात. खेपेची नोंद लॉगबुकात होते. न आलेल्या खेपेवर सही करू नका, एवढं पाळलं तरी निम्म्या तक्रारी संपतात.

विहिरीत किंवा टाकीत ब्लीचिंग पावडर किती टाकायची?

दर १,००० लिटरला ५ ग्रॅम. गोल विहिरीतलं पाणी असं काढा: व्यास × व्यास × पाण्याची खोली (तिन्ही मीटरमध्ये) × ७८५. उत्तर लिटरमध्ये येतं. व्यास ६ मीटर आणि पाणी २ मीटर असेल तर ५६,५२० लिटर, म्हणजे साधारण २८० ग्रॅम पावडर.

पावडर कोरडी फेकू नका. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून तिचा लगदा करा, मग बादली पाऊणभर करून दहा मिनिटं ठेवा. चुना खाली बसतो. वरचं निवळ दुसऱ्या बादलीत ओतून ती बादली दोराने विहिरीत सोडा आणि वर-खाली, आजूबाजूला हलवून पाणी मिसळा. खालचा चुना विहिरीत जाऊ देऊ नका, त्याने पाण्याचा जडपणा वाढतो. रात्री टाकून सकाळी पाणी भरणं उत्तम, निदान एक तास तरी थांबावंच. उघड्या पोत्यातली पावडर महिन्या-दोन महिन्यांत निकामी होते. गिलाव्याच्या चुन्यासारखी बिनवासाची झाली असेल तर तिचा उपयोग नाही.

टँकरचं पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळून घ्या. गाळ असताना टाकलेलं क्लोरीन गाळातच संपतं.

पाणी आठ-दहा दिवसांनी येतं. पिंपात साठवलं तर डेंग्यू होतो म्हणतात, मग करायचं काय?

डेंग्यूचा डास स्वच्छ, साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्याचा कोरडा दिवस पाळा असं सांगितलं जातं, पण दहा दिवसांनी नळ येणाऱ्या घराला पिंप ओतून देणं परवडत नाही. तिथे पाणी न सांडता दुसऱ्या भांड्यात गाळून घ्या, रिकामं पिंप आतून काथ्याने घासा आणि पाणी परत भरा. घासणं महत्त्वाचं, कारण अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही टिकतात. झाकणाऐवजी जुनं सुती कापड दोरीने ताणून बांधलं तरी चालतं. विदर्भात कूलरची टाकी याच यादीत पहिली येते. कोरड्या झळांत मोठा कूलर तासाला आठ-दहा लिटर पाणी सहज पितो, म्हणून लोक वरून भरत राहतात आणि तळ कधीच साफ होत नाही.

बोअर आटलं. आणखी खोल नेलं तर पाणी लागेल का?

बहुतेक वेळा नाही. दख्खनच्या कातळात पाणी खडकात नसतं, सांध्यांत आणि दोन थरांमधल्या मऊ पट्ट्यांत असतं. ठरावीक खोलीनंतर हे सांधे दाबाने बंद होत जातात. चारशे-पाचशे फुटांवर लागलेलं पाणी बहुधा फार जुनं असतं आणि ते दरवर्षी भरून येत नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडे खोल पाण्यात फ्लोराइड वाढण्याची भीती असते. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर खोल गेलं की खारंच लागतं. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर-बोअर घेता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. नव्या बोअरच्या खर्चात जुन्या विहिरीचा गाळ काढून होतो आणि शेजारचा ओढा खोल करून होतो. हा पर्याय नेहमी आधी तपासावा.

हापूसवर पाऊस पडला तर नेमकं काय बिघडतं?

ते पाऊस कधी पडला यावर अवलंबून आहे. मोहोरावर पडला तर करपा येतो, परागीकरण बिघडतं आणि तुडतुडे वाढतात. वाटाणा ते सुपारीएवढ्या फळावर पडला तर गळ होते. तयार फळावर पडला तर काळे डाग, देठकूज आणि सगळ्यांत वाईट म्हणजे फळमाशी. तिने डंख केलेला आंबा बाहेरून चांगला दिसतो, कापल्यावर अळ्या निघतात.

फळ अंड्याएवढं झालं की वर्तमानपत्राच्या कागदाची २५ × २० सेंटिमीटरची पिशवी बांधली तर डाग, माशी आणि उन्हाने भाजणं हे तिन्ही कमी होतं. मजुरी लागते, पण निर्यातीच्या फळाला ती निघते. फळमाशीसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे ‘रक्षक’ सापळे हेक्टरी चार लावतात. बागेत पडलेली फळं मात्र रोज गोळा करून खड्ड्यात पुरावी लागतात, नाहीतर सापळे लावून काही साधत नाही.

पाऊस झाला की घाबरून सगळा आंबा उतरवण्याची घाई होते. चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण तयार झालेलाच झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) देठासकट काढा. ओला आंबा पेंढ्यात घालू नका. आधी सावलीत एका थरात पसरून पंख्याखाली कोरडा करा. उलट पाऊस अजिबात नसताना मार्चमध्ये पारा चढला तर गळ थांबवण्यासाठी झाडाला पंधरा दिवसांच्या अंतराने १५० ते २०० लिटर पाणी देतात. ते काढणीच्या महिनाभर आधी तोडायचं, नाहीतर फळात साका (गरातला पांढरट, न पिकणारा भाग) वाढतो.

कोकम, सुकी मासळी, मीठ?

सगळी उन्हावर चालणारी कामं. रातांबे (कोकमाची फळं) मेमध्ये पिकतात, त्यामुळे पाऊस लवकर आला की आमसुलाची साल वाळत नाही, बुरशी धरते. मासेमारीबंदी १ जूनला लागते. सुकवणीचे शेवटचे दिवस मेचेच, आणि त्यातला एक भिजका दिवस वाळत टाकलेला जवळा-बोंबील वाया घालवतो. मिठाचं तर सांगायलाच नको. मिठागराच्या कोंडीत (वाफ्यात) जमलेला दाणा एका सरीत परत पाणी होतो.

काढलेला कांदा भिजला. चाळीत भरू का?

भिजलेला कांदा तसाच चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये भरला तर महिन्याभरात काजळी (काळी बुरशी) आणि सड येते, आणि शेजारचा सुका कांदाही सोबत जातो. आधी वेगळा काढा. छपराखाली एका थरात पसरा, वाऱ्याला मोकळा ठेवा, शक्य असेल तर पंखे लावा. मान दाबून पाहा. मऊ, ओलसर लागली तर तो कांदा साठवणीचा नाही, लगेच विका.

पाऊस येणार म्हटल्यावर ढिगावर ताडपत्री टाकतात, ते बरोबर. चूक पुढे होते. पाऊस थांबल्यावरही ती तशीच राहते, खाली घाम धरतो आणि न भिजलेला कांदाही भिजल्यासारखा होतो. ऊन पडलं की तासाभरात ताडपत्री काढा.

न भिजलेल्या मालाची रीत अशी: निम्म्या माना पडल्यावर काढणी, पातीनेच कांदा झाकत रानात तीन-चार दिवस, मग दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापायची आणि सावलीत दहा-बारा दिवस सुकवायचा. चाळीत ढीग चार-पाच फुटांपेक्षा उंच नको आणि खालून हवा खेळायला हवी.

बेदाणा शेडमध्ये असताना पाऊस आला तर?

तासगाव, कवठेमहांकाळ, पंढरपूरकडे मार्च-एप्रिलमध्ये हा रोजचा घोर. द्राक्षं लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलि डिपिंग ऑइल अशा द्रावणात बुडवून जाळीवर टाकतात. त्याने मण्यावरचा मेणाचा थर सैल होतो आणि माल पंधरा ते अठरा दिवसांत वाळतो. हाच थर गेल्याने मणी बाहेरचा दमटपणाही पटकन ओढतो. पहिल्या आठवड्यात पाऊस लागला तर मणी काळवंडतो, चिकटतो आणि हिरवा बेदाणा म्हणून मिळणारा भाव जातो.

वाऱ्याच्या बाजूचे पडदे पाऊस येण्याआधी खाली घ्या, थांबताच वर करा. पडदे रात्रभर लावून ठेवले तर आतल्या दमटपणानेच बुरशी येते. खालचे कप्पे आधी तपासा, शिंतोडे तिथेच बसतात. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, म्हणजे एक कप्पा गेला तर गेलं किती ते मोजा.

नागपूर-अमरावतीच्या संत्र्याला मेचा पाऊस नको असतो, असं का?

मृग बहार (मृगाच्या पावसावर येणारा फुलोरा) धरायचा तर झाडाला मे महिन्यात ताण द्यावा लागतो. पाणी तोडायचं, हलक्या जमिनीत महिनाभर, भारीत आणखी जास्त. पानं मलूल होऊन थोडी गळू लागली की झाड फुलायच्या तयारीत येतं, आणि मृगाच्या पावसाबरोबर फूट निघते. ताण पुरा होण्याआधी मेमध्येच वळीव झाला की झाड फुलांऐवजी पालवी काढतं. पाण्याचा दुष्काळ सगळीकडे नुकसान करतो, इथे तो महिनाभर मुद्दाम घडवावा लागतो. ताण तुटला तर कायिक वाढ रोखायला क्लोरमेक्वाट क्लोराइड लिटरला २ मिलि फवारतात. सगळा बहार वाचत नाही, काही वाचतो.

ज्वारी, हळद, मोहफुलं यांचं काय?

कापून आडव्या पडलेल्या ज्वारीचं कणीस भिजलं की दाणा काळा पडतो. भाकरीला चालतो, बाजारात भाव निम्मा. हिंगोली-सांगलीकडची शिजवलेली हळद वाळताना भिजली तर रंग उतरतो. ती ढिगात ठेवू नका, पातळ पसरून पुन्हा पूर्ण वाळवा. गडचिरोली-गोंदियात मोहफुलं वेचणीच्या दिवसांत ढगाळ हवा आली तर फुलं वाळत नाहीत, सडतात. तेंदूपानाला गारेने भोक पडलं की ते पान विडीच्या कामाचं उरत नाही.

पहिल्या पावसानंतर गुरं अचानक दगावली. विषबाधा की काय?

बहुधा किराळ. पाण्याच्या ताणात वाढलेल्या किंवा कापून गेलेल्या ज्वारीच्या खोडव्याला पाऊस लागला की कोवळे पोंगे फुटतात आणि त्यांत हायड्रोसायनिक आम्ल असतं. जनावर अधाशासारखं खातं आणि काही मिनिटांत तोंडाला फेस, धाप, थरथर सुरू होऊन आडवं पडतं. घरगुती उपायात वेळ घालवू नका. पशुवैद्यकाने सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन वेळेवर दिलं तर जनावर उठतं. ज्वारी फुलोऱ्यात येईपर्यंत हिरवी चारू नये. कापून पुरती वाळवली की धोका कमी होतो.

भिजून काळा पडलेला कडबा बुरशीचा असेल तर गाभण आणि दुभत्या जनावराला अजिबात नको. चारा कमी असेल तर १०० किलो कुट्टीवर (बारीक तोडलेल्या वाळल्या चाऱ्यावर) ४ किलो युरिया ४०-५० लिटर पाण्यात विरघळवून शिंपडा, थर दाबून प्लास्टिकने हवाबंद करा आणि २१ दिवसांनी काढून, तासभर वाऱ्याला ठेवून चारा. सहा महिन्यांखालच्या वासरांना हे देऊ नका. युरियाचं पाणी गुरांच्या तोंडी लागणार नाही याची काळजी घ्या, ते मरणाला पुरतं. घटसर्प आणि फऱ्याच्या लशी मेमध्येच टोचून घ्याव्यात, पाऊस लागल्यावर उशीर होतो.

कुरडयांचा घाट घातला आणि आभाळ आलं. आता?

चीक शिजवला नसेल तर घाई नको. तो फ्रीजमध्ये एक-दोन दिवस थांबतो. शिजवून घातलेल्या कुरडया घरात चादरीवर घेऊन पंख्याखाली ठेवा आणि वरची बाजू सुकली की उलटा. आंबूस वास आला किंवा मध्ये गुलाबी-काळी झाक दिसली तर ऊन दाखवून उपयोग नाही, टाकून द्या. पापडाचं फारसं बिघडत नाही, तो सावलीतही वाळतो. सांडग्यांना मात्र कडक ऊनच हवं.

गारपिटीने नुकसान झालं. भरपाईसाठी नेमकं काय करायचं?

त्याच दिवशी फोटो काढा, ठिकाण आणि तारीख दिसेल असे. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक (पदांची नावं बदलली, गावात अजून हीच चालतात) मिळून पंचनामा करतात. नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असावं लागतं. आपत्ती निवारण निधीचे २०२२ ते २०२६ या काळासाठीचे मूळ दर हेक्टरी असे: जिरायत ८,५००, बागायत १७,०००, बहुवार्षिक फळबाग २२,५०० रुपये, दोन हेक्टरपर्यंत. राज्य शासन एखाद्या वर्षी दर किंवा मर्यादा वाढवतं, तेव्हा चालू शासन निर्णय पाहा. दुभत्या मोठ्या जनावराला ३७,५००, ओढकाम करणाऱ्याला ३२,०००, शेळी-मेंढीला ४,००० रुपये. जनावर पुरण्याआधी पशुवैद्यकाचा शवविच्छेदन अहवाल घ्या. तो नसला तर प्रकरण तिथेच अडकतं.

सर्वांत जास्त अर्ज फसतात ते सातबाऱ्यावर पीकच नसल्यामुळे. ई-पीक पाहणी (मोबाइल अ‍ॅपवर पिकाची नोंद) केलेली नसेल तर शेतात द्राक्षबाग उभी असली तरी कागदावर पडीक दिसते. दुसरी अडचण आधार न जोडलेल्या बँक खात्याची. फळपीक विम्यात गारपिटीचं संरक्षण वेगळा हप्ता भरून घ्यावं लागतं, आणि घेतलं असेल तर ७२ तासांत कळवणं बंधनकारक असतं.

दुष्काळ जाहीर झाला म्हणजे काय मिळतं?

जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू बिलात ३३.५ टक्के सवलत, परीक्षा शुल्कमाफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, गरजेप्रमाणे टँकर आणि पंपाची वीज न तोडणं. २०१८ मध्ये १५१ तालुके आणि २०२३ मध्ये ४० तालुके असे जाहीर झाले, दोन्ही वेळा ऑक्टोबरच्या शेवटी. हा निर्णय खरिपाचा पाऊस, पावसातला खंड, उपग्रहावरून दिसणारं पीक आणि जमिनीतली ओल यांवर होतो. पैसेवारी (पिकाच्या उताऱ्याचा सरकारी अंदाज) ५० पैशांच्या आत येणं हा जुना निकष आजही महसुली सवलतींसाठी लोकांच्या तोंडी आहे. अडचण एवढीच, की मोजणी ऑक्टोबरची आणि झळ मार्चची. ऑक्टोबरात यादीबाहेर राहिलेलं गाव एप्रिलमध्ये कोरडं पडलं तर त्याला टंचाईच्या उपायांवरच भागवावं लागतं.

वीज कडाडताना रानात असलो तर?

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला तर तुम्ही टप्प्यात आहात. पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जा. झाडाखाली, विजेच्या खांबाशी, उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये थांबू नका. काहीच जवळ नसेल तर पाय जुळवून उकिडवे बसा, कानांवर हात, डोकं गुडघ्यांत. आडवं पडू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप आसपासच्या विजेची सूचना देतं. वीज अंगावर पडलेल्या माणसाला हात लावला तर धक्का बसत नाही. श्वास थांबला असेल तर लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात करा.

पहिल्या वळवाचं छतावरचं पाणी साठवावं का?

साठवा, पण सुरुवातीचं सोडून. हजार चौरस फुटांच्या छतावर २० मिमी पाऊस पडला तर गळती वजा जाता १,४०० ते १,५०० लिटर हाती लागतं. टंचाईत ही चार माणसांची अठरा दिवसांची सोय आहे. मात्र आठ महिन्यांची धूळ, पाला आणि पक्ष्यांची घाण पहिल्या सरीबरोबर उतरते. पाइपाला टाकीच्या आधी टी-जोड देऊन खाली बूच असलेला उभा तुकडा बसवा, पहिली दहा मिनिटं पाणी त्यातून बाहेर जाऊ द्या, मग बूच लावून टाकीकडे वळवा. हे पाणी आधी भांडी, धुणं, गुरं यांना वापरा. प्यायचं असेल तर कपड्याने गाळून उकळा. पाऊस थांबल्यावर बूच उघडून साचलेला चिखल काढायला विसरू नका, पुढच्या वळवाला तो तिथेच घट्ट बसलेला सापडतो.